तीन लिटर दहा

माणूस श्वासाबद्दल खोटं बोलतो, हे मला बावीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं. पगाराबद्दल, वयाबद्दल, दारूबद्दल तर सगळेच बोलतात. पण श्वासाबद्दल बोलतात ते जास्त सफाईने. मी रुग्णालयात फुफ्फुसांची चाचणी घेते. दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून, खिडकी नसलेली माझी खोली. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, छाती भरून श्वास आणि मग होता नव्हता तेवढा जीव एकवटून फुंकर. मी शेजारी उभी राहून ओरडत असते, फुंका, फुंका, अजून, अजून, थांबायचं नाही. म्हणून सगळं रुग्णालय मला फुंकाबाई म्हणतं. तोंडावर म्हणत नाहीत, पण मला माहीत आहे.

ज्याला रजा हवी असते तो अर्ध्यावर फुंकर सोडतो आणि खोकल्याचं नाटक करतो. ज्याला नोकरी टिकवायची असते तो आजार लपवतो आणि जिन्यातच दम्याचं औषध ओढून वर येतो. सगळी सोंगं आणता येतात म्हणतात, तशी श्वासाचीही आणता येतात, फक्त ती टिकवता येत नाहीत. मी तीनदा फुंकायला लावते. मनापासून फुंकलं तर तिन्ही वेळा आकडा जवळजवळ सारखा येतो. खोटं फुंकणाऱ्याला आपलं आधीचं खोटं तंतोतंत आठवत नाही. आणि शांत बसलेल्या माणसाचे मिनिटातले श्वास मोजायचे असले, तर मी त्याचं मनगट धरते आणि नाडी बघतेय असं दाखवते. श्वास मोजतायत हे कळलं की माणूस श्वास घेत नाही, घेऊन दाखवतो.

यंत्रावरही माझा आंधळा विश्वास नाही. रोज सकाळी त्याला तीन लिटरचा पंप लावून तपासते. सायकलच्या पंपाचा थोरला भाऊ म्हणा. दांडा मागे ओढून पूर्ण ढकलला की बरोब्बर तीन लिटर हवा आत जाते. यंत्राला सांगायचं, बाबा रे, हे तीन लिटर, ह्यावरून बाकीच्यांचं मोज. आणि दर सोमवारी, पहिला रुग्ण यायच्या आधी, दार लावून मी स्वतः फुंकते. ह्या धंद्यातली ती जुनी रीत आहे. निरोगी माणसाचं फुफ्फुस रोज बदलत नाही, म्हणून चाचणी घेणाऱ्यानेच स्वतःचं फुफ्फुस माप म्हणून वापरायचं. माझा आकडा तीन लिटर दहा. वयाबरोबर वर्षाला पाच-सहा चमचे हवा घटते, तेवढं सोडलं तर तोच. पंपाला पोचे पडतात, यंत्राला ओल लागते, पण मला कुणी हात लावत नाही, असा माझा हिशेब होता.

त्या वर्षी थंडी सुरू झाली आणि एका सोमवारी माझा आकडा तीन लिटर आला. मी नळी बदलली. पुढच्या सोमवारी तोच आकडा. मी गाळणी बदलली, चिमटा बदलला, यंत्राची तार काढून परत लावली. चार महिन्यांत आकडा उतरत उतरत दोन लिटर ब्याऐंशीवर आला. पंप मात्र रोज सकाळी साळसूदपणे तीन लिटर दाखवत होता.

आता कुणीतरी खोटं बोलत होतं हे उघड होतं. मी पंप उलटासुलटा करून पाहिला. त्याच्या दांड्यावर एक कडी असते, स्क्रूने आवळलेली. दांडा किती मागे यायचा ते ती कडी ठरवते. त्या कडीच्या कडेला नखाएवढा पोचा होता. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. पंप कुणीतरी पाडला होता. कडी मागे सरकली होती. म्हणजे दांडा जास्त मागे येत होता, तीनपेक्षा जास्त हवा आत जात होती, आणि यंत्र बिचारं तिलाच तीन समजून सगळ्यांना कमी मोजत होतं.

खोली पुसायला रोज सफाईवाली मावशी येते. मी तिला बोलावून विचारलं. ती म्हणाली, मी त्याला हात लावत नाही, लांबूनच पुसते. मी म्हटलं, मग हा पोचा काय आपोआप पडला? ती म्हणाली, तो पहिल्यापासून आहे. मी तिला बरंच बोलले. चोर तो चोर, वर शिरजोर, इथपर्यंत बोलले. ती बादली उचलून गेली आणि तेव्हापासून माझी खोली शेवटी पुसू लागली.

यंत्राची देखभाल करणारा माणूस महिन्याने यायचा होता, आणि तो येऊन चहा पिऊन सही करून जातो हे मी पाहिलेलं होतं. मी स्क्रू ढिला केला, कडी पुढे घेतली, यंत्राला नव्याने शिकवलं आणि फुंकले. थोडं कमी आलं. कडी आणखी जराशी पुढे. चौथ्या खेपेला तीन लिटर दहा. मी स्क्रू आवळला आणि नोंदवहीत ठळक अक्षरांत लिहिलं: पंपाची सरकलेली कडी जागेवर आणली. खाली झोकदार सही. दुसऱ्या कुणाला फुंकायला लावून बघावं, असं मनात आलंच नाही. दुसरं कुणी म्हणजे खोटं बोलू शकणारं कुणी.

त्याच आठवड्यात माझी धाकटी बहीण घरी आली ती तोंड पाडूनच. आई-वडील लवकर गेले, तिला मीच वाढवली, लग्नही मीच लावून दिलं. त्यामुळे तिचा नवरा मला ताई म्हणतो आणि मी त्याला जावईबापू. त्या म्हणण्यात मान कमी आणि टोमणा जास्त असतो, हे त्यालाही ठाऊक आहे. तो स्वयंपाकघराच्या ओट्यांचे दगड कापतो. खाणीतले दगड नव्हेत, दगडाचा चुरा दाबून बनवलेल्या चकचकीत फरश्या. करवतीखाली गेल्या की पिठासारखी पांढरी धूळ उडते.

धाकटीचं म्हणणं असं की दोन महिने झाले, ह्याचं दम लागतो दम लागतो चाललंय. कारखान्यात एक नवी जागा निघाली होती, गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन ओट्यांची मापं घ्यायची. धूळ नाही, साहेबाची नजर नाही, दिवसभर बाहेर हिंडायचं. फुफ्फुसाच्या चाचणीत ऐंशी टक्क्यांच्या खाली आकडा आला तर करवतीवरच्या माणसाला ती जागा आधी मिळणार होती.

"आणि नेमका आत्ताच ह्यांना दम लागायला लागला," ती म्हणाली. "परवा हे कामावरून आले. मी दारातून बघत होते. एकटे होते तर तीन मजले सावकाश का होईना, पण न थांबता चढून आले. तू बरोबर असलीस की मजल्यामजल्याला कठडा धरून उभे राहतात. तुला दाखवायला, दुसरं काय?"

मलाही ते आठवलं. गेले तीन-चार महिने त्यांच्याकडे जेवायला गेले की जिन्यात जावईबापू दर वळणावर थांबायचे आणि भिंतीकडे बघत उगाच काहीतरी बोलायचे. पाणी कुठंतरी मुरतंय, असं मी धाकटीला म्हटलं आणि त्याला माझ्याकडेच पाठव म्हणून सांगितलं. नातेवाईक म्हणून सूट नाही. उलट चार आणे संशय जास्तच.

तो आला. स्वच्छ शर्ट, नखांच्या कडांना मात्र पांढरं. मी आधी त्याला पाच मिनिटं नुसतं बसवलं आणि मनगट धरलं. तो हसला. जेवताना मीच कधीतरी ही नाडीची गंमत सगळ्यांना सांगितली होती. मिनिटाला चोवीस श्वास. निवांत बसलेला माणूस चौदा-पंधरा घेतो. माझी विद्या माझ्यावरच, मी मनात म्हटलं, आणि चोवीसच्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मग साध्या श्वासाचं मोजमाप घेतलं. त्यात काही गूढ नाही; एका श्वासात किती हवा येते-जाते ते पाहायचं आणि त्याला मिनिटातल्या श्वासांनी गुणायचं. त्याचा एक श्वास छत्तीस शतांश लिटरचा, म्हणजे पाण्याच्या मोठ्या पेल्याएवढा. गुणिले चोवीस, साडेआठ लिटरच्या वर. कुठल्याही धडधाकट माणसाला इतकीच हवा लागते. भरपूर आहे की, मी म्हटलं. शेवटी जोराची फुंकर. मी ओरडले, तो लाल होईपर्यंत फुंकला. तीन लिटर एक्कावन्न, तीन लिटर बावन्न, तीन लिटर पन्नास. त्याच्या उंचीच्या आणि वयाच्या माणसाला चार लिटर तीस हवेत. ब्याऐंशी टक्के.

तिन्ही आकडे इतके सारखे, की फुंकण्यात लबाडी नव्हती हे मला मान्य करावं लागलं. म्हणजे लबाडी फक्त बोलण्यात होती.

"जावईबापू," मी कागद फाडून त्याच्या हातात दिला, "फुफ्फुसं चांगली आहेत. आता ही गोष्ट मनाला सांगा. दगडापेक्षा मन जड असतं."

तो कागदाकडे बघत राहिला. बरं, ताई, म्हणाला आणि गेला. मोठ्या डॉक्टरांनी सही केली, कागद कारखान्यात गेला, मापं घ्यायची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. धाकटीचा फोन आला, की तुझ्याकडून आल्यापासून ह्यांची कुरकुर एकदम बंद आहे, उलट ज्यादा पाळीसुद्धा करतात. मला स्वतःचा अभिमान वाटला. खरं सांगायचं तर चांगलाच वाटला.

सात आठवडे गेले. एका सकाळी मोठे डॉक्टर फाइली चाळताना म्हणाले, की ह्या महिन्यात आपले जुने रुग्ण झकास सुधारलेत, नवं औषध लागू पडलेलं दिसतंय. ते खूश होते. मी चहाचा कप खाली ठेवला. त्यातला एक रुग्ण निवृत्त बसचालक होता, चाळीस वर्षं विडी ओढलेला. त्याचं फुफ्फुस मी नऊ वर्षं मोजत होते आणि ते एकाच दिशेने जात होतं. तो तीनशे मिलिलिटरने सुधारला होता. औषधाने दम कमी होतो, झोप लागते, पण झिजलेलं फुफ्फुस परत येत नाही. शिवाय जे औषध घेत होते तेही सुधारले होते आणि जे घेत नव्हते तेही.

सगळेच एकदम बरे व्हायला लागले की मला धास्ती वाटते. मी दुपारी दार लावून घेतलं. मावशीची बादली मागून घेतली, काठोकाठ पाणी भरलं. प्रयोगशाळेतून रेषा आखलेली उंच काचेची बरणी आणली, ती पाण्याने भरून बादलीत उपडी धरली, आणि पंपाची नळी तिच्या तोंडाखाली घालून दांडा हळूहळू ढकलला. हवा वर जाते, पाणी खाली उतरतं, जेवढं उतरतं तेवढी हवा. ह्यात खोटं बोलायला कुणाला वाव नाही. पाणी पावणेतीन लिटरच्याही जरा अलीकडे थांबलं. बाही कोपरापर्यंत भिजेस्तोवर मी पाच वेळा केलं. दर वेळी तेच.

मी कडी मागे घेतली. थोडं थोडं करत, बरणीत तीन लिटरची रेष येईपर्यंत मागे घेतली. तेव्हा दांड्यावर एक फिकट चरा दिसला. कडी वर्षानुवर्षं जिथे घट्ट बसलेली होती, तिथला तो चरा. कडी आता नेमकी त्याच्यावर बसली होती. ती कधी सरकलीच नव्हती. सरकवली होती ती मी.

यंत्राला पुन्हा खरे तीन लिटर शिकवले आणि मी नळी तोंडात धरली. दोन लिटर एकोणऐंशी. परत. दोन लिटर अठ्ठ्याहत्तर. परत. दोन लिटर एकोणऐंशी. मनापासून फुंकलं तर तिन्ही आकडे सारखे येतात.

नाचता येईना अंगण वाकडं, हे मी दुसऱ्यांना किती वेळा ऐकवलं असेल. मी स्टुलावर बसून राहिले. आधी भीती वाटली ती स्वतःची. पाच-सहा महिन्यांत पाव लिटरच्या वर गेलं होतं, आणि ते वयाने जात नाही. मग ती भीती बाजूला सारून दुसरी आली. माझं फुफ्फुस आखडलं म्हणून मी सगळ्या जगाची पट्टी आखडून घेतली होती. सात आठवड्यांत एकतीस जणांना त्यांच्या वाट्याला नसलेली हवा मी कागदावर दिली होती. जावईबापूंचे बावन्न म्हणजे खरे वीस. तीन लिटर वीस. चौऱ्याहत्तर टक्के.

आणि ती साडेआठ लिटर हवा. दर वर्षी नव्या परिचारिकांना मीच शिकवते, की एकूण हवेवर जाऊ नका. प्रत्येक श्वासातली अर्धा पेलाभर हवा घशात आणि नळ्यांतच राहून परत बाहेर येते, ती रक्तापर्यंत पोचत नाही. मोठे सावकाश श्वास घेणाऱ्याची थोडी वाया जाते. लहान लहान भराभर घेणाऱ्याची जवळजवळ निम्मी. छातीत फुफ्फुस कडक व्हायला लागलं की माणूस असाच, लहान आणि भराभर श्वास घेतो. चोवीस हा आकडा खरा होता. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह मी काढलं होतं, कारण माझं मत चाचणीच्या आधीच ठरलेलं होतं.

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. कडी जागेवर आहे, उद्यापासून सगळं बरोबर मोजलं जाईल, कुणाला कळणार आहे? आपलं ठेवावं झाकून, असं करणारी माणसं मी बावीस वर्षं पकडत आले होते. मी बाही पिळली आणि रिक्षा करून कारखान्यात गेले.

जेवणाची सुट्टी होती. करवती बंद होत्या तरी हवेत पांढरं काहीतरी तरंगतच होतं. खिडकीच्या काचेवर, डब्यांच्या झाकणांवर, सगळीकडे. जावईबापू भिंतीला टेकून बसले होते, डबा उघडलेला, घास हातात, पण आधी श्वास आणि मग घास अशी त्यांची कसरत चालली होती. मला बघून ते धडपडत उठले. धाकटीला काही झालं का, असं त्यांनी आधी विचारलं.

मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. कडी, पंप, बादली, चौऱ्याहत्तर टक्के. माझा आवाज नेहमीसारखा चढा लागेना.

त्यांनी हातातला घास डब्यात परत ठेवला. मग म्हणाले, "मला वाटलं, ताईंचं यंत्र खोटं बोलणार नाही. दम लागला की मी स्वतःलाच शिव्या द्यायचो. म्हणायचो, मनाचे खेळ आहेत, ऊठ. म्हणून ज्यादा पाळी घेतली. म्हटलं, मन सरळ करू."

मी म्हटलं, तुम्ही माझ्यासमोर जिन्यात थांबायचात, एकटे असताना थांबत नव्हता, म्हणून मला वाटलं सोंग आहे.

"मी माझ्यासाठी नव्हतो थांबत, ताई," ते म्हणाले. "तुम्हाला धाप लागायची. मागून ऐकू यायची. तुम्हाला थांबा म्हटलं असतं तर तुम्ही मला तिथंच झोडपलं असतं. म्हणून मीच थांबायचो."

सगळ्या रुग्णालयाचा श्वास मोजणारी मी, आणि माझा श्वास हा माणूस महिनोन्महिने जिन्यात मोजत होता. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही रडू जास्त आलं. मी ते गिळलं. त्यांना तसंच उठवून रिक्षात घातलं.

रुग्णालयात आल्यावर मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. जावईबापू तीनदा फुंकले. तीन लिटर चार, तीन लिटर पाच, तीन लिटर पाच. एकाहत्तर टक्के. म्हणजे सात आठवड्यांत करवतीने आणखी तीन टक्के नेले होते. मी डॉक्टरांना म्हटलं, जुना कागद रद्द करून हा पाठवा, आजच, उद्या ह्यांनी करवतीसमोर उभं राहता कामा नये. जागा भरली असेल तर दुसरी द्या म्हणावं.

डॉक्टर कागदावरून नजर हलवेनात. त्यांचं बरोबर होतं. माणूस नात्यातला, आधी ब्याऐंशी, आता एकाएकी एकाहत्तर, आणि मधे बाई स्वतः रिक्षाने जाऊन त्याला घेऊन आलेली. मी त्यांच्या जागी असते तर मलाही संशय आला असता.

"मी सही करीन," ते म्हणाले. "पण कारखाना विचारणार, अकरा टक्के सात आठवड्यांत गेले कुठे? म्हणतील, मेहुणीने कागद बनवून दिला. ब्याऐंशी चूक होते, हे मला पटवून द्या."

बादली आता फक्त कडी जागेवर आहे एवढंच सांगणार; पटवून द्यायला माझ्याकडे दोन गोष्टी उरल्या होत्या. एक, नोंदवहीतली झोकदार सही. ती मी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी वाचलं आणि विचारलं, की पंप बिघडलाय हे कशावरून ठरवलंत? दुसरी गोष्ट मी स्वतःच होते. माझी सोमवारची वही उघडून दिली, तर ते म्हणाले, आकडे काय, कुणीही लिहील.

मग मी स्टूल ओढलं आणि नाकाला चिमटा लावला. बावीस वर्षांत मी कुणासमोर फुंकले नव्हते. हा आकडा पडद्यावर आला की त्यांना दोन गोष्टी एकदम कळणार होत्या. की मी बिनपरवानगी पंपाला हात लावून एकतीस लोकांचे कागद बिघडवले, आणि की माझ्या छातीत काहीतरी आहे. पहिलीत नोकरी जाऊ शकत होती. दुसरीत काय काय, ते मला एक्स-रेच्या भिंतीला भिंत लावून राहिल्यामुळे पाठ होतं. कमी फुंकलं तर काम होणार नव्हतं आणि जास्त फुंकणं हातात नव्हतं. मी पूर्ण श्वास घेतला आणि सोडला, शेवटच्या थेंबापर्यंत. तीनदा.

दोन लिटर एकोणऐंशी, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी.

डॉक्टरांनी वहीतले कडी हलवण्याआधीचे उतरते आकडे आणि नंतरचे तीन लिटर दहा पाहिले, पडदा पाहिला, आणि मग कितीतरी वेळाने माझ्याकडे पाहिलं. उठून माझ्या मागे आले, स्टेथोस्कोप पाठीला लावून खालपर्यंत ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग खुर्चीवर बसून जावईबापूंच्या कागदावर सही केली, शिक्का मारला, आणि खाली स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या: आधीची नोंद चुकीच्या मापाने घेतलेली असल्याने रद्द. ह्या कामगाराला धुळीच्या कामावरून आजपासून काढावे. पंपाचं आपण नंतर बोलू, वरिष्ठांना कळवावं लागेल, असं ते मला म्हणाले. मी हो म्हटलं. बाहेर मावशी फरशी पुसत होती. तिच्याशीही मला बोलायचं होतं, पण ते सगळ्यांसमोर नाही.

जावईबापूंनी कागद घडी घालून खिशात ठेवला. मला वाटलं, आता हा जाईल. जाताना काहीतरी बोलेल आणि तेवढं मी ऐकून घ्यायला हवं. ते दाराशी उभेच राहिले.

डॉक्टरांनी दुसरा कागद पुढे ओढला. वर माझं नाव लिहिलं. छातीचं स्कॅन, रक्त, सगळ्या चौकटींवर खुणा केल्या. हे उद्याच करायचं, टाळायचं नाही, म्हणाले. मी म्हटलं, उद्या माझे रुग्ण यायचे आहेत. त्यांनी ऐकलंच नाही. पेन खालच्या ओळीवर थांबवून त्यांनी विचारलं, सोबत कोण येणार?

मी म्हणणार होते, कुणी नाही.

"मी," जावईबापू म्हणाले.

"नातं काय लिहू?"

"जावई लिहा."

मी वळून त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. इतक्या वर्षांची सवय. नीट शोधला, आणि तो तिथे नव्हता.